नकाशांचीं दप्तरें : विद्यापीठ-ग्रंथालयांतील नकाशासंग्रहाची मांडणी व जतन

इतिहासाच्या साधनांची गणना करतांना बखरी, पत्रव्यवहार, सनदा, ताम्रपट, नाणीं, शिलालेख हीं नांवें आपल्या तोंडीं सहज येतात. नकाशाचें नांव त्यांत क्वचितच निघतें. निघालें तरी ग्रंथाच्या शेवटीं जोडावयाचा एक अलंकार एवढ्याच नात्यानें. वास्तविक फौज कोणत्या घाटानें उतरली, अमुक परगण्याची शीव कोणत्या ओढ्यापर्यंत होती, एखादें बंदर गाळानें केव्हां बुजलें, असल्या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळ पत्रें वाचूनहि हातीं लागत नाहींत तीं कित्येकदां एका विश्वसनीय नकाशावरून लागतात. नकाशा हा जागेचा दस्तऐवज होय. म्हणून इतर दस्तऐवजांविषयीं जे प्रश्न आपण विचारतों तेच त्याच्याविषयींहि विचारले पाहिजेत : तो कोणीं केला, केव्हां केला, कशाच्या आधारें केला, आणि आपल्या हातीं तो कोणत्या वाटेनें आला. या चारांपैकीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर बव्हंशीं ग्रंथपालाच्या हातीं असतें, व तेंच सर्वांत आधीं नाहींसें होतें.

ग्रंथालयांत नकाशाइतका अनाथ पदार्थ दुसरा नाहीं. पुस्तकाला पाठ असते. तें फळीवर उभें राहतें. त्याच्या पाठीवर नांव लिहितां येतें. नकाशा हा एक सुटा ताव. घडी घातली तर तो घडीवर फाटतो, गुंडाळला तर पुन्हां सरळ होत नाहीं, पसरला तर जागा खातो. विद्यापीठांत तर त्याची वांटणीहि झालेली असते. कांहीं ताव भूगोल विभागांत, कांहीं भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेंत, कांहीं इतिहासाच्या अध्यापकांच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेले, आणि उरलेले ग्रंथालयाच्या तळघरांत, असा प्रकार अनेक ठिकाणीं आढळतो. चौघांजवळ मिळून जो संग्रह होतो त्याची एकत्र यादी कोणाजवळच नसते. असा संग्रह लावावा कसा आणि राखावा कसा, याचें विवेचन या लेखांत करावयाचें आहे. नुसते नियम सांगण्यापेक्षां प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींच्या आधारें हें विवेचन केल्यास तें अधिक उपयोगी होईल असें वाटतें.

प्रथम ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयांतील एका नकाशाची हकीकत पाहूं. जॉन सेल्डन हा सतराव्या शतकांतील इंग्लंडांतला मोठा कायदेपंडित. त्याच्या संग्रहीं चीन देशांत काढलेला एक रंगीत नकाशा होता, व एका इंग्रज जहाजाच्या कप्तानाकडून तो मिळाल्याचा उल्लेख सेल्डननें आपल्या मृत्युपत्राच्या पुरवणींत केलेला आहे. सेल्डन १६५४ सालीं वारला व १६५९ मध्यें त्याचा संग्रह बॉडलियनमध्यें आला. १६८७ सालीं शेन फुत्सुंग नांवाचा एक चिनी ख्रिस्ती गृहस्थ ऑक्सफर्डास आला असतां तेथील ग्रंथपाल टॉमस हाइड यानें त्याच्या साह्यानें नकाशावरील चिनी नांवें लावून घेतलीं व त्यांपैकीं कित्येकांशेजारीं लॅटिनमध्यें टीपा लिहिल्या. त्या टीपा आजहि नकाशावर दिसतात. पुढें मात्र नकाशा मागें पडला. जानेवारी २००८ मध्यें रॉबर्ट बॅचलर या अमेरिकन इतिहासकारानें तो पाहावयास मागितला, आणि ग्रंथालयाचे चिनी संग्रहाचे अधिकारी डेव्हिड हेलिवेल यांनीं ती गुंडाळी उलगडली, तेव्हां कोठें तिचें महत्त्व ध्यानांत आलें.

महत्त्व कशाचें, तें थोडक्यांत सांगतों. सुमारें पांच फूट लांब व तीन फुटांहून किंचित् अधिक रुंद अशा या कागदावर चीन, जपान, फिलिपाइन बेटें, जावा-सुमात्रा, सयाम हा सर्व प्रदेश असून मध्यभागीं चीन नसून दक्षिणेकडील समुद्र आहे. चीनच्या चुआनचौ बंदरापासून निघणारे जलमार्ग बारीक रेघांनीं काढले आहेत. माथ्याकडे होकायंत्राचें चक्र व त्याच्याजवळ भाग पाडलेली मापपट्टी आहे. त्या काळच्या चिनी नकाशांत हा प्रकार दुर्मिळच. पश्चिमेच्या कडेला कालिकतचें नांव असून तेथून एडन, धोफार व होर्मुझ यांकडे जहाज कसें न्यावें याची सूचना चौकटींत लिहिलेली आहे. म्हणजे आपल्या मलबार किनाऱ्याचा व्यापार चिनी दर्यावर्दी लोकांस त्या वेळीं कसा परिचित होता, याचें हें समकालीन साधन. सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींतला हा नकाशा असावा असें विद्वानांचें मत आहे. नेमकें वर्ष कोणतें याविषयीं वाद चालू आहे. टिमथी ब्रुक यांनीं २०१३ मध्यें व बॅचलर यांनीं २०१४ मध्यें या एका कागदाच्या अनुषंगानें एकेक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

आतां ग्रंथालयाच्या दृष्टीनें दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, नकाशा हरवलेला नव्हता. सेल्डनच्या संग्रहांत त्याला क्रमांक होता, सूचींत नोंद होती. त्या नोंदीवरून तो काय आहे हें कोणास कळत नव्हतें, एवढेंच. ज्या नोंदींत नुसतें ‘चीनचा नकाशा’ असें लिहिलें आहे ती नोंद चोरापासून संरक्षण करील, पण अभ्यासकाला हांक मारणार नाहीं. दुसरी गोष्ट अस्तराची. नकाशा टिकावा म्हणून त्याला मागील बाजूनें कधींकाळीं ताठ कापडाचें अस्तर खळीनें चिकटविलेलें होतें. हेतु चांगला, परिणाम उलट. कागद व कापड हीं दमट हवेंत सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत आणि कोरड्या हवेंत सारख्या प्रमाणांत आकसत नाहींत. दोहोंच्या ओढाताणींत कागदाला भेगा पडल्या, व गुंडाळी उलगडतांना त्याचे कपचे सुटूं लागले. दुरुस्ती करणारांनीं तें अस्तर अतिशय सावकाश सोडविलें, व पूर्वेकडील चित्रांच्या जतनाच्या पद्धतीनें तलम कागदाचें नवें अस्तर लावून २०११ मध्यें नकाशा पुन्हां दर्शनीय केला. जुनें अस्तर निघाल्यावर खालीं काय दिसलें ? नकाशाच्या पाठीवर काढणाराच्याच हातच्या जलमार्गांच्या कच्च्या रेघा ! नकाशा कसा रचला गेला, आधीं किनारे काढले कीं आधीं समुद्रांतील वाटा, याचा पुरावा त्या पाठीवर होता, आणि तो सर्व काळ कापडाखालीं झांकलेला होता. नकाशाची पाठ ही कोरी नसते, हें सूत्र ग्रंथपालानें येथेंच लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा पुन्हां संबंध येईल.

मांडणीकडे वळूं. ड्यूईच्या दशांश पद्धतींत नकाशांना ९१२ हा क्रमांक मिळतो व त्याच्या पोटांत देशवारी येते. पुस्तकांच्या मध्यें थोडे नकाशे असतील तर तेवढ्यानें भागतें. हजारो ताव झाले म्हणजे भागत नाहीं. नकाशा मागणारा मनुष्य बहुधा जागा धरून येतो : ‘मावळचा नकाशा द्या,’ ‘वसईच्या खाडीचा द्या.’ विषय त्याच्या मनांत दुय्यम असतो. म्हणून प्रथम प्रदेश, मग विषय, मग साल, असा क्रम नकाशांच्या बाबतींत सोयीचा ठरला आहे. बॉग्ज व लुइस या दोघांनीं १९४५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केलेल्या नकाशांच्या वर्गीकरणाच्या ग्रंथांत हेंच तत्त्व पाळलें आहे, आणि अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयाच्या पद्धतींतहि प्रदेशालाच अग्रस्थान आहे. पद्धत कोणतीहि घ्या, ती एकच घ्या. अर्धे ताव आकाराप्रमाणें, अर्धे देणगीदाराच्या नांवाप्रमाणें व उरलेले ‘किरकोळ’ या सदराखालीं असे लावले कीं, पुढच्या ग्रंथपालाला सर्व पुनः आरंभापासून करावें लागतें.

आपल्याकडील संग्रहांत संख्येनें सर्वांत मोठा भाग सर्व्हे ऑफ इंडिया या खात्याच्या तावांचा असतो. त्यांचा क्रम लावतांना नवी युक्ति काढण्याचें कारण नाहीं. खात्यानेंच ती काढून ठेवली आहे. चार अंश अक्षांश व चार अंश रेखांश एवढ्या चौकोनाला एक आंकडा. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना ए पासून पी पर्यंत इंग्रजी अक्षरें. व प्रत्येक भागाचे पुनः पंधरा-पंधरा कलांचे सोळा ताव, त्यांना १ ते १६ आंकडे. अक्षरें व आंकडे दोन्ही वायव्येच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन वरून खालीं उतरतात व मग पूर्वेकडे सरकतात. या हिशेबानें पुणें शहर ४७ एफ/१४ या तावावर येतें, मालवण ४७ एच/८ वर येतें. पूर्वीं हे ताव एका मैलास एक इंच या प्रमाणाचे होते; दशमान पद्धति आल्यावर ते १ : ५०,००० या प्रमाणावर आले, परंतु क्रमांक तेच राहिले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानंतर सर्वांस खुली अशी जी नवी माला निघाली तिचे क्रमांक निराळे आहेत : तेंच पुणें तींत ई ४३ एच १४ आहे. तेव्हां एकाच भूमीच्या दोन क्रमांकांचा मेळ घालणारी यादी कपाटाजवळ टांगलेली असावी. न टांगल्यास नवे ताव एकीकडे व जुने एकीकडे पडून त्यांची तुलना कोणी करीत नाहीं, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तर ती तुलनाच हवी असते. धरणाखालीं गेलेलीं गांवें व त्यांच्या वाटा फक्त जुन्या तावावर आहेत.

या मालेसाठीं सूचीचीं शेंकडों टांचणें लिहिण्यापेक्षां एक सूची-नकाशा पुरतो. प्रदेशाच्या कोऱ्या आराखड्यावर चौकोन आंखावे, व आपल्याजवळ जो ताव आहे त्याच्या चौकोनांत त्याचें आवृत्तीचें साल बारीक पेन्सिलीनें घालावें. कोणते चौकोन रिकामे आहेत हें एका दृष्टिक्षेपांत समजतें. याचा उपयोग किती, तें रायगडच्या उदाहरणावरून दिसेल. रायगड ४७ एफ/८ या तावावर आहे खरा. पण त्या तावाच्या उत्तरेच्या समासापासून किल्ला अवघा मैलभर अंतरावर आहे. केवळ तोच ताव पुढें ठेवून जो अभ्यासक किल्ल्याच्या उत्तरेकडील मुलखाविषयीं लिहील त्याची दृष्टि मैलभरावर खुंटेल. ४७ एफ/७ जवळ ठेवलाच पाहिजे. सूची-नकाशा नसलेल्या ग्रंथालयांत मागणाराला एक ताव मिळतो व तो संतुष्ट होऊन जातो.

नोंदींत काय असावें ? नांव, कर्ता, प्रकाशनाचें स्थळ, हीं पुस्तकांप्रमाणेंच. त्यांखेरीज प्रमाण, चारी बाजूंचे अक्षांश-रेखांश, आकार, छापील कीं हस्तलिखित, रंग हातानें भरलेले कीं छापलेले, अस्तर आहे कीं नाहीं, पाठीवर काय आहे. कालाविषयीं मात्र फार सावध असावें लागतें. नकाशाला एक काल नसतो, तीन असतात : मोजणीचा, छपाईचा आणि दुरुस्तीचा. मद्रासजवळ १८०२ सालीं पायारेषा मोजून विल्यम लॅम्टननें त्रिकोणमितीच्या ज्या मोजणीस आरंभ केला तिच्या आधारावर १८२७ पासून ‘अ‍ॅटलस ऑफ इंडिया’ या नांवाची चार मैलांस एक इंच प्रमाणाची माला लंडनमध्यें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून निघूं लागली. (लॅम्टन स्वतः ती माला पाहण्यास उरला नाहीं. तो १८२३ मध्यें वर्धा नदीच्या मुलखांत हिंगणघाट येथें वारला व त्याची कबरहि तेथेंच आहे. आपल्या प्रांतांतील हें स्थळ जिज्ञासूंनीं अवश्य पाहावें.) कोरलेला पत्रा महाग. तो मोडून नवा करण्याऐवजीं त्याच पत्र्यावर मागाहून रस्ते व आगगाडीचे मार्ग कोरीत असत. त्यामुळें तावाच्या तळाशीं जुनें साल आणि पोटांत मुंबई-ठाण्याची आगगाडी, असें दिसल्यास गोंधळून जाऊं नये. ती आगगाडी १८५३ ची. तेव्हां ती प्रत त्यानंतरचीच. मोजणीच्या सालाचा ताव समजून त्यावरून गांवांच्या वसाहतीविषयीं अनुमानें काढणें धोक्याचें आहे, व हा धोका नोंदींत एक ओळ लिहिल्यानें टळतो.

मोडी लिपींतील जुने नकाशे हा याहून निराळा प्रांत. त्यांना प्रमाण नसतें, प्रक्षेप नसतो, कित्येकदां उत्तरहि वर नसते. गांवांचीं नांवें चहूंबाजूंनीं लिहिलेलीं असतात, म्हणजे नकाशा जमिनीवर पसरून भोंवतीं बसलेल्यांनीं आपापल्या बाजूनें वाचावा. नदी निळ्या पट्ट्यानें, डोंगर एकावर एक रचलेल्या ढिगांप्रमाणें, किल्ला दरवाजा-बुरुजांसह समोरून पाहिल्यासारखा. विलायती नमुन्याच्या टांचणावर प्रमाणाची व प्रक्षेपाची जागा रिकामी राहिली म्हणून कांहीं सूचीकार अशा नकाशांना ‘कच्चे आराखडे’ म्हणून बाजूस टाकतात. हा अन्याय होय. त्यांतील अंतरें मैलांनीं नव्हे तर मुक्कामांनीं मोजलेलीं असतात, आणि फौजेच्या किंवा व्यापाऱ्यांच्या दृष्टीनें तेंच खरें माप होतें. सुसान गोल यांनीं १९८९ मध्यें हिंदी नकाशांचा जो सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, व जोसेफ श्वार्ट्सबर्ग यांनीं १९९२ मध्यें नकाशाशास्त्राच्या इतिहासाच्या बृहद्ग्रंथांत दक्षिण आशियावर जे अध्याय लिहिले, त्यांमुळें हिंदी लोकांस नकाशे काढतां येत नव्हते हा जुना समज पार खोटा ठरला आहे. सूचींत अशा नकाशासाठीं प्रमाणाऐवजीं वर्णन द्यावें : कोणती दिशा वर, किती स्थळें, अक्षर कोणत्या काळचें, शाई व रंग कोणते, कोणत्या कामासाठीं काढला असावा.

‘कोणत्या कामासाठीं’ या प्रश्नाशीं दप्तराचा प्रश्न निगडित आहे. शिवेच्या तंट्याचा नकाशा हा त्या तंट्याच्या कागदांबरोबर रुमालांत बांधलेला असतो. कैफियती, साक्षीदारांच्या जबान्या, निवाडपत्र व नकाशा हें एक कुटुंब आहे. कोणी उत्साही मनुष्य नकाशा मोठा व सुंदर म्हणून उचलून नकाशांच्या कपाटांत ठेवतो. घडीपासून तो वांचतो हें खरें, पण दहा वर्षांनीं तो कोणत्या गांवच्या कोणत्या भांडणांतला हें सांगणारें कोणी उरत नाहीं. नकाशांत दोन वडांच्या मध्यें ओढलेली तांबडी रेघ असते. तिचा अर्थ निवाडपत्रांत असतो. आणि निवाडपत्र दुसऱ्या इमारतींत असतें. नकाशा सपाट ठेवण्यासाठीं बाहेर काढणें अवश्यच आहे. परंतु काढतांना रुमालांत त्याच्या जागीं एक टांचण ठेवावें, त्यावर नकाशाचा नवा खण व क्रमांक लिहावा. नकाशाच्या पाकिटावर रुमालाचा क्रमांक लिहावा. आणि ही अदलाबदल सूचींतहि दोन्हीकडे नोंदावी. तीन जागीं लिहिण्याचा आळस करूं नये. कारण रुमाल व कपाट यांचा संबंध एकदां तुटला म्हणजे तो तर्कानेंच जोडावा लागतो, आणि तर्क हें साधन नव्हे.

सूची अपुरी असल्यास काय होतें याचें एक लाजिरवाणें उदाहरण अमेरिकेंत घडलें. जून २००५ मध्यें येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयांत जमिनीवर पडलेलें धारदार पातें एका सेविकेच्या दृष्टीस पडलें. वाचकांवर नजर ठेवली असतां फोर्ब्स स्माइली नांवाचा नकाशांचा प्रतिष्ठित व्यापारी जुन्या ग्रंथांतील नकाशे कापून नेतांना सांपडला. पुढें त्यानें येल, हार्वर्ड, बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो व लंडन येथील संग्रहांतून मिळून ९७ नकाशे चोरल्याचें कबूल केलें, व २००६ मध्यें त्यास साडेतीन वर्षांची कैद झाली. त्यानंतर त्या त्या संस्थांनीं आपापले संग्रह तपासले तों त्याच्या कबुलीहून अधिक नकाशे जागेवर नाहींत असें आढळलें. ते यानेंच नेले कीं आणखी कोणीं, कीं पन्नास वर्षांपूर्वींच गेले होते, हें ठरविणें कठीण झालें. कारण प्रत्येक प्रतीचें वर्णन, मोजमाप व छायाचित्र सर्वत्र नव्हतें. एकाच पत्र्यावरून छापलेल्या दोन प्रतींपैकीं ही प्रत आमची, हें दाखवावयाचें तर अळीचें छिद्र, घडीची रेघ, डाग, पाठीवरील जुना आंकडा, अशा खुणाच कामास येतात. ग्रंथाच्या आंत शिवलेल्या नकाशांची मोजदाद तर फारच थोड्या ठिकाणीं होते. ‘नकाशे सहा’ एवढी नोंद टांचणावर असली तरी पुस्तक परत घेतांना मोजतां येतात.

आतां जतन. नकाशाचा नाश करणाऱ्या गोष्टींत पहिला मान घडीचा, दुसरा चिकटपट्टीचा, तिसरा पाण्याचा. वाळवी व कसर यांचें नांव आपल्याकडे नेहमीं आधीं घेतलें जातें, पण त्यांच्याविषयीं आपण निदान सावध तरी असतों. वेखंडाच्या पुरचुंड्या व कडुलिंबाचा पाला दप्तरांत घालण्याची चाल जुनीच आहे. फाटलेल्या घडीवर पारदर्शक चिकटपट्टी लावणारा मात्र आपण पुण्यकर्म करीत आहों अशा समजुतींत असतो. ती पट्टी कांहीं वर्षांनीं वाळून गळून पडते, तिचा चिकट पदार्थ कागदांत मुरून तपकिरी होतो, आणि तो डाग निघत नाहीं. फाटलेला कागद जोडावयास गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ व लांब धाग्यांचा जपानी तलम कागद हेंच उत्तम. कारण पुढें कोणास तें काढावेंसें वाटलें तर पाण्यानें निघतें. जें पुन्हां काढतां येत नाहीं तें लावूं नये, हा दुरुस्तीचा पहिला नियम. विसाव्या शतकाच्या मध्यास सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पातळ पापुद्र्यांत कागद कायमचा बसविण्याची पद्धत फार लोकप्रिय झाली होती. अमेरिकेंत बॅरो यानें ती उष्णता व दाब यांनीं सिद्ध केली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत यंत्रावांचून अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानें तें काम करण्याची युक्ति निघाली व ती इतर देशांतहि गेली. हजारो कागद त्यामुळें तात्कालिक वांचले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु पापुद्रा स्वतः जीर्ण होतो व कागदास सोडीत नाहीं, म्हणून पुढें ती पद्धत मागें पडली. तिच्या जागीं पॉलिएस्टरच्या दोन स्वच्छ तावांमध्यें नकाशा मोकळा ठेवून फक्त कडा बंद करण्याची रीत आली. कडा कापली कीं नकाशा जसाचा तसा बाहेर. कोळशानें किंवा खडूनें काढलेल्या नकाशास मात्र ही रीत वर्ज्य, कारण पॉलिएस्टरच्या विद्युदाकर्षणानें भुकटी उठून येते.

हिरव्या रंगाकडेहि लक्ष द्यावें. युरोपांतील जुन्या छापील नकाशांत सीमा हातानें रंगविलेल्या असतात, व हिरवा रंग पुष्कळदां तांब्याच्या क्षारापासून केलेला असतो. तो कागद खातो. प्रथम पाठीवर तपकिरी रेघ उमटते, मग कागद ठिसूळ होतो, आणि अखेर एखादा प्रांत आपल्या सीमेवरून सुटून हातीं येतो. अशा नकाशाला ओल दाखवूं नये व त्याची घडी तर मुळींच करूं नये.

ठेवावयाचें कसें ? दोन इंचांहून खोल नसलेल्या रुंद खणांत, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, सपाट. खोल खणांत शेंकडों ताव एकावर एक रचले कीं खालचा काढतांना वरचे फाटतात. खण पोलादी व पक्क्या भाजलेल्या रंगाचे असावेत. कच्च्या लांकडांतून आम्ल वाफ निघते. पाकिटावर क्रमांक उजव्या कोपऱ्यांत, म्हणजे खण ओढतांच दिसेल. नकाशावर शिक्का मारूं नये. पाठीच्या कोपऱ्यांत मऊ पेन्सिलीनें क्रमांक घालावा. वर्षानुवर्षें गुंडाळलेला नकाशा हातानें दाबून सरळ करूं गेल्यास मोडतो. त्याला बंद पेटींत सावकाश दमट हवा देऊन नरम करावा व मग टीपकागदांमध्यें हलक्या वजनाखालीं वाळवावा. खणांहून मोठे ताव रुंद नळीच्या बाहेरून गुंडाळावे, आंत कोंबूं नयेत. हवेचा ओलावा शेंकडा ३५ ते ५० असावा असें पाश्चात्य ग्रंथ सांगतात. कोंकणांतील पावसाळ्यांत तो ८० च्या वर जातो, व ६५-७० च्या पुढें बुरशी धरते. ओलावा काढणारें यंत्र चोवीस तास चालवितां येत नसेल तर तें दिवसा चालवून रात्रीं बंद करण्यापेक्षां न चालविणें बरें. रोजच्या चढउतारानें कागद जास्त थकतो. हवा खेळती ठेवावी, भिंतीपासून कपाट हातभर दूर ठेवावें, आणि आश्विनांत उघाडी पडली कीं प्रत्येक खण तपासावा.

कपाट कोणत्या मजल्यावर ठेवावें, हा प्रश्न किरकोळ वाटेल. भरलेलें नकाशांचें कपाट अतिशय जड असतें, म्हणून इमारत बांधणारे तें तळमजल्यावर अथवा तळघरांत ढकलतात. हवाई विद्यापीठाच्या मानोआ येथील हॅमिल्टन ग्रंथालयांतहि नकाशे तळमजल्यावर होते. ३० ऑक्टोबर २००४ रोजीं रात्रीं मुसळधार पावसानें जवळचा मानोआ ओढा फुगला व पाणी इमारतींत शिरलें. पॅसिफिक बेटांचे नकाशे व विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें यांचा तेथील संग्रह नामांकित होता. त्याचा मोठा भाग चिखलांत गेला. जे ताव निघाले ते बुरशी धरण्यापूर्वीं गोठवून ठेवण्यांत आले व पुढें वाळविण्यासाठीं अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पाठविण्यांत आले. गोठविण्याचा उपाय आपल्याकडेहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे. भिजलेला कागद उष्ण हवेंत दोन दिवसांत बुरशी धरतो. शीतगृहांत तो महिनोन्महिने थांबतो, व तेवढ्या अवधींत विचार करावयास सवड मिळते. गांवांतील फळांच्या शीतगृहाचा पत्ता ग्रंथपालाजवळ असणें हें विनोदाचें नाहीं. पुण्यास १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, हें विसरण्याइतकें जुनें झालेलें नाहीं. कपाटें वरच्या मजल्यावर नेणें शक्य नसेल तर निदान त्यांचा खालचा खण जमिनीपासून अर्धा हात उंच असावा, व त्या खालच्या खणांत दुसरीकडे मिळूं शकणारे छापील ताव ठेवून हस्तलिखित नकाशे वर न्यावेत.

नकाशांचीं यांत्रिक छायाचित्रें घेऊन तीं संगणकावर सर्वांस दाखविण्याची सोय आतां पुष्कळ विद्यापीठांनीं केली आहे. मूळ कागद वारंवार हाताळावा लागत नाहीं हा तिचा मोठा लाभ. छायाचित्र घेतांना तीन गोष्टी पाहाव्या : समास कापूं नयेत, मापपट्टी शेजारीं ठेवावी, आणि पाठीचेंहि चित्र घ्यावें. पाठीचें महत्त्व वर आलेंच आहे. समासाचें महत्त्व पुढील प्रकारावरून समजेल.

सर्व्हे खात्याचे किनाऱ्यालगतचे व सरहद्दीलगतचे ताव दीर्घकाळ निर्बंधित होते. ते कुलुपांत ठेवावे लागत व त्यांचा हिशेब द्यावा लागे. त्यामुळें कोंकणच्या जलदुर्गांचा अभ्यास करणारास सिंधुदुर्ग-विजयदुर्गाकडील ताव मिळविणें सोपें नसे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारत सरकारनें भौगोलिक माहितीविषयींचे निर्बंध बहुतांशीं सैल केले. पण त्याच्या पुष्कळ आधींपासून ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयानें हिंदुस्थानचे १ : २,५०,००० प्रमाणाचे ताव संगणकावर सर्वांस विनामूल्य खुले केलेले होते. अमेरिकन लष्कराच्या नकाशाखात्यानें १९५५ च्या सुमारास छापूं लागलेल्या मालेचे हे ताव होत. घरचा किनारा परक्या विद्यापीठाच्या खणांतून पाहावा लागला, यांत खेद मानावा कीं त्या ग्रंथपालांचे आभार मानावे, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्ही तर आभार मानतों. या तावांच्या खालच्या समासांत ते कोणत्या आधारावर रचले याची टीप आहे, व आधार म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्याच जुन्या तावांचा निर्देश आहे. म्हणजे मूळ इकडचें, छपाई तिकडची. १ : २,५०,००० या प्रमाणावर किल्ल्याचा नुसता ठिपका दिसतो, तटाची आकृति, विहिरी, बंदराचा धक्का हें पाहावयाचें तर समासांतील आधार पाहून मूळचा एक इंची ताव शोधावा लागतो, आणि तो ४७ एच च्या पाकिटांत आठव्या क्रमांकावर असावयास हवा.